शर्यतीच्या फोटोत गाडी उभी का दिसते? या चुका टाळा

सोलापुरात मातीवरच्या बाईक रेस झाल्या की त्याच रात्री फोटोंचा पाऊस पडतो. फोकस चोख, हेल्मेटवरचं स्टिकर वाचता येतं, आणि गाडी? जागच्या जागी उभी.

शटर दोन हजारावर ठेवणं

ही चूक बघून बघून डोकं उठलंय. पळणारी वस्तू म्हटलं की शटर जितकं जलद तितकं चांगलं, असं कुणीतरी व्हिडिओत सांगितलेलं असतं. शटर दोन हजारावर म्हणजे फोटो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात (१/२०००) टिपला जातो. जरा हिशोब करा. ताशी ७२ किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला २० मीटर जाते. १/२००० शटरला ती सरकते एक सेंटिमीटर आणि चाक फिरतं जेमतेम दोन अंश. स्पोक सुटे सुटे मोजता येतात, म्हणून गाडी उभी दिसते. १/१२५ ला तीच गाडी १६ सेंटिमीटर जाते, चाक तीसेक अंश फिरतं, आणि तुम्ही कॅमेरा तिच्याबरोबर फिरवत असाल (यालाच पॅनिंग म्हणतात) तर मागचं सगळं पुसट होऊन ओढलं जातं. वेग दिसतो तो तिथं.

एकदा रेस संपल्यावर चहाच्या टपरीवर एका पोरानं मोठ्या अभिमानानं रायडरला फोटो दाखवला. रायडरनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, "नंबर भारी आलाय. पण गाडी स्टँडवर लावून काढलास काय बे?" सगळे हसले. पोरगं हिरमुसलं, पण शिकलं नाही. रात्री ॲपमध्ये मागच्या भागावर ब्लर मारून तोच फोटो परत ग्रुपवर टाकला. या वेळी मेकॅनिकनं पकडलं. मागची बाभळ वाहून चाललीय, पण चेनची कडी न् कडी मोजता येतेय, बटण टायरमधून उडालेलं ढेकूळ हवेत लटकलंय आणि गाडीखालच्या मातीचा कण न् कण दिसतोय. गाड्यांत हात काळे केलेल्या माणसाला असलं दोन सेकंदांत कळतं. दहा मिनिटांच्या एडिटिंगला वेळ आहे, दोन रविवार सराव करायला मात्र नाही!

माझी सवय अशी: शटर प्रायॉरिटी, म्हणजे शटर आपण ठरवायचं आणि छिद्र कॅमेऱ्यावर सोडायचं, सुरुवात १/२५० ला. हात बसला की १/१२५, आणि मन धजावलं तर १/६०. फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे तो गाडीबरोबर बदलत राहतो. जिथं क्लिक करायचंय तिकडं पाय रोवायचे, कोपरं अंगाला चिकटवायची आणि कमरेतून वळून गाडी लांबूनच पकडायची. पुस्तकी पद्धत वेगळी असेल, मला हीच जमते. क्लिक झालं की हात थांबवू नका. बहुतेकांचा फोटो तिथंच हलतो: बटण दाबलं की काम संपलं असं वाटतं आणि कॅमेरा जागीच अडकतो. सराव होटगी रोडच्या फुटपाथवर करा. रिक्षा, बुलेट, एसटी, सगळं फुकट मिळतं. सायकलवाला हळू जातो, त्याला १/३० लावा. बहुतेक फोटो वाया जाणारच. त्याची लाज वाटत असेल तर फुलांचे फोटो काढा.

दुपारचं ऊन विसरणं

शटर खाली आणलं की फोटो पांढराफटक होतो आणि मंडळी घाबरून परत दोन हजारावर जातात. आपल्या उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) १०० ला १/१२५ म्हणजे एफ १६ लागतं, आणि १/६० ला एफ २२, म्हणजे लेन्सचं छिद्र पार बारीक. तिथं फोटो मऊ पडतो, वर सेन्सरवरचा प्रत्येक कण काळा ठिपका होऊन उमटतो. एनडी फिल्टर घ्या, म्हणजे लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काळपट काच. नसेल तर पोलरायझर लावा, तोही दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). नाहीतर सरळ सकाळच्या हीट्स (प्राथमिक फेऱ्या) काढा आणि दुपारी सावलीत बसा.

मागे नुसतं आकाश

आकाश कितीही ओढलं तरी आकाशच दिसतं. मागे बाभळी, गर्दी, रंगीत फ्लेक्स असतील अशी जागा आधी चालून शोधा.

समोरून येणाऱ्या गाडीवर पॅनिंग

होत नाही. तिथं शटर जलद करा आणि गाडीचा कल, दबलेला पुढचा शॉकॲब्सॉर्बर, मागचा धुरळा दाखवा.

सायलेंट शटर

आवाज न करणाऱ्या या इलेक्ट्रॉनिक शटरनं बऱ्याच कॅमेऱ्यांत चाक अंडाकृती होतं आणि मागचे खांब तिरके. बंद करा.

वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभं राहणं

घसरलेली गाडी तिकडंच येते. मार्शल हटकतो तेव्हा त्याच्याशी वाद घालू नका, आणि कानात इअरफोन तर नकोच.

ट्रॅकजवळ लेन्स बदलणं

काळ्या मातीची ती बारीक धूळ आत गेली की वरचे काळे ठिपके वर्षभर पुरतात. लेन्स कारमध्ये बसून, काचा वर करून बदला. लेन्सच्या पुढच्या काचेवर धूळ बसली तर आधी ब्लोअर मारा. खिशातल्या रुमालानं पुसाल तर काचेवर चरे पडतील.