हंगामी मागणीच्या आधारे ब्रँडला प्रसिद्धी कशी मिळवून द्यावी

एखाद्या वस्तूची मागणी दरवर्षी ठरावीक काळात वाढत असेल, तर तिची बातमी मागणी शिगेला पोहोचल्यावर नव्हे, तर त्याच्या बरीच आधी संपादकांच्या हाती पडायला हवी. छापील मासिकांचे अंक साधारणपणे ३ ते ६ महिने आधी आखले जातात. दैनिकांच्या पुरवण्यांना काही आठवडे पुरतात, तर संकेतस्थळांना त्याहूनही कमी.

मागणी नेमकी कधी चढू लागते, हे गूगल ट्रेंड्सवर (गूगलवर एखाद्या शब्दाचा शोध कधी वाढला-घटला हे दाखवणारे साधन) मागील ५ वर्षांचा आलेख पाहून विनामूल्य समजते. मात्र तेथील ० ते १०० हे आकडे सापेक्ष असतात, प्रत्यक्ष शोधांची संख्या नव्हे, त्यामुळे ते ‘इतक्या लोकांनी शोधले’ अशा थाटात पत्रकाराला सांगू नयेत. त्यापेक्षा स्वतःच्या विक्रीच्या नोंदी अधिक मोलाच्या ठरतात, कारण त्या दुसऱ्या कोणाकडेच नसतात: यंदा कोणता रंग आधी संपला, ग्राहक कोणता प्रश्न वारंवार विचारू लागले, खरेदी नेहमीपेक्षा लवकर सुरू झाली का. असे निरीक्षण, ते किती ग्राहकांवर आणि कोणत्या कालावधीवर आधारलेले आहे हे स्पष्ट नमूद करून, पत्रकाराला पाठवायच्या ईमेलच्या पहिल्याच वाक्यात मांडावे आणि ब्रँडचे नाव त्यानंतर येऊ द्यावे. (संस्थापकाच्या स्तुतीचा परिच्छेद खुशाल गाळावा, तो बहुधा कोणी वाचत नाही.) सोबत छापण्याजोग्या छायाचित्रांचा दुवा, किंमत, उपलब्धतेची तारीख आणि त्याच दिवशी बोलू शकेल अशा जाणकाराचे नाव द्यावे.