व्हरांड्याच्या भिंतीवरचं इंग्रजी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, म्हणजे पाचवीत आलेलं मूल चार वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं. तरी 'व्हॉट इज युवर नेम'च्या पुढचा प्रश्न आला की मान खाली जाते. शब्द त्यांच्याकडे असतात, पण ते वापरायची वेळच आपण येऊ देत नाही. बाईंनी वाचायचं आणि वर्गाने एका सुरात मागून म्हणायचं, यात तास भरतो, पण एकही मूल बोलत नाही. ती वेळ कशी आणायची, ते माझ्या वर्गात चालतं तसं सांगते.

मला सगळ्यात उपयोगी पडलेला खेळ म्हणजे धावतं श्रुतलेखन. पाच-सहा सोप्या वाक्यांचा मजकूर ठळक अक्षरात लिहून व्हरांड्याच्या भिंतीवर चिकटवायचा. चाळीसपेक्षा जास्त शब्द नकोत, आणि नवे शब्द दोन-तीनच. मजकूर गावातलाच घ्यावा. माझ्या एका मजकुरातली काही वाक्यं अशी होती: 'द टेम्पल इज निअर द रिव्हर. अ काऊ इज अंडर द ट्री. थ्री शीप आर ऑन द हिल.' मुलांच्या जोड्या लावायच्या. एकाने वही घेऊन वर्गात बसायचं, दुसऱ्याने भिंतीपाशी जाऊन वाचायचं, लक्षात ठेवायचं आणि परत येऊन सांगायचं. कागद बरोबर न्यायचा नाही, लांबून ओरडायचं नाही. अर्धा मजकूर झाला की टाळी वाजवून जागा बदलायच्या, नाहीतर हुशार मूल लिहीत बसतं आणि दुसरं नुसतं पळत राहतं. खेळाचे नियम मी मराठीतच सांगते. ते इंग्रजीत सांगण्याच्या हट्टापायी दहा मिनिटं वाया घालवू नयेत.

शेवटी कागद काढून आत आणायचा आणि मुलांनीच आपली वही ताडून बघायची. खरं शिक्षण इथे होतं. निम्म्या वह्यांत 'शीप'चं 'शिप' झालेलं असतं. 'दिन' आणि 'दीन' आपण बोलताना जवळजवळ सारखेच म्हणतो, त्यामुळे इ-ईच्या लांबीकडे आपल्या मुलांचा कान जात नाही. मी फळ्यावर डोंगर काढून त्याच्या टोकावर तीन जहाजं काढली. त्यानंतर 'शीप' म्हणताना ओठ ताणायचे, हे सांगायला फार वेळ लागला नाही.

दुसरी चूक 'अ' आणि 'द'ची. मराठीत असे शब्दच नाहीत, म्हणून मूल ते गाळतं. त्याला निष्काळजी म्हणू नका. त्याच दिवशी एक मुलगा धावत आला आणि म्हणाला, "काऊ इज अंडर ट्री." लिहिणारी मुलगी पेन्सिल वर धरून बसली. "अ काऊ की द काऊ?" तो गप्प झाला, वळला आणि पुन्हा भिंतीकडे पळाला. मी वर्षभर लाल शाईने वहीत 'अ' घालत होते, तेव्हा त्याने एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं.

असाच दुसरा प्रकार बाजाराचा. एकाच यादीचे दोन कागद करायचे. एकावर तांदूळ, गूळ, साबण यांचे भाव लिहायचे आणि डाळ, तेल, मीठ यांचे रिकामे ठेवायचे, दुसऱ्यावर उलटं. मध्ये दप्तर उभं करायचं, म्हणजे डोकावता येत नाही. 'हाऊ मच इज द ऑइल?' असं विचारल्याशिवाय रकाना भरत नाही. बोलणं चालू असताना चूक दुरुस्त करू नका. कानावर पडलेल्या चुका कागदावर टिपा आणि शेवटची पाच मिनिटं त्यातल्या दोनच घ्या.

पहिलीच्या मुलांसाठी तोंडी आज्ञा पुरतात: 'टच द डोअर', 'पुट द डस्टर अंडर द टेबल'. जेम्स अ‍ॅशर या मानसशास्त्रज्ञाने ही पद्धत मांडली. मूल आधी ऐकून हालचाल करतं. बोलण्याची घाई नसते. बुजऱ्या मुलांना याचा फार आधार वाटतो.

साहित्याला पैसे लागत नाहीत. बिस्किटाच्या आणि साबणाच्या रिकाम्या पुड्यांवर 'नेट वेट', 'बेस्ट बिफोर' छापलेलं असतं. मुलांना त्या आणायला सांगा, तारखा आणि वजनं शोधायला लावा. गोष्टींसाठी 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा. तिथे गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, त्या फुकट उतरवून छापता येतात, आणि बऱ्याच गोष्टी मराठीतही मिळतात. मी आधी मराठी गोष्ट वाचून दाखवते आणि दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीत देते. गोष्ट ठाऊक असल्याने मुलं अनोळखी शब्दाला अडत नाहीत, अंदाजाने पुढे जातात.

सुरुवात धावत्या श्रुतलेखनानेच करा. पहिल्या दिवशी गोंगाट होईल, शेजारच्या वर्गातल्या गुरुजींना आधी सांगून ठेवा. आणि मजकुराच्या दोन प्रती करा. एकाच कागदापाशी पंधरा मुलं जमली की मागच्यांना अक्षर दिसत नाही.