मोकळं दिसतं म्हणून उडवू नका: लपलेल्या बूट पार्टिशनबाबत या चुका टाळा

ऐरोलीहून एक मुलगा बंद पडलेला लॅपटॉप घेऊन माझ्याकडे नौपाड्यात आला. "काही केलं नाही हो काका, फक्त जागा साफ केली." 256 जीबीची एसएसडी, सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये, म्हणजे डिस्कचे भाग दाखवणाऱ्या खिडकीत, त्याला सुरुवातीला 100 एमबीचं आणि शेवटी 600 एमबीचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) दिसलं. दोन्हींना सी, डी असं ड्राइव्ह लेटर नाही आणि समोर लिहिलेलं, शंभर टक्के मोकळं. विंडोज ती उडवू देईना, म्हणून पठ्ठ्याने नेटवरून एक फुकटचं टूल आणून उडवली. पुढच्या वेळी मशीन सुरूच झालं नाही.

ते 'शंभर टक्के मोकळं' साफ खोटं असतं. डिस्क मॅनेजमेंट या दोन प्रकारच्या पार्टिशनमध्ये डोकावतच नाही आणि न मोजता सगळी जागा मोकळी दाखवतं. 100 एमबीचं ते ईएफआय पार्टिशन, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बूट फाइल्सची जागा. मशीन सुरू होताना मदरबोर्डवरचं फर्मवेअर (त्यात कायमचं बसवलेलं सॉफ्टवेअर) आधी तिथे जातं, विंडोज सुरू करणारा लोडर उचलतं आणि मग सी ड्राइव्हची पाळी येते. सी ड्राइव्ह ज्या एनटीएफएस पद्धतीने मांडलेला असतो ती फर्मवेअरला वाचता येईलच असं नाही, म्हणून हे पार्टिशन एफएटी32 या साध्या पद्धतीत असतं. शेवटचं रिकव्हरीचं, विंडोज बिघडलं तर दुरुस्तीची साधनं त्यात असतात. तिसरं 16 एमबीचं, मायक्रोसॉफ्टने राखून ठेवलेलं, ते तर डिस्क मॅनेजमेंट दाखवतही नाही. सोसायटीच्या पंप रूमला फ्लॅट नंबर नसतो, म्हणून ती रिकामी आहे असं कुणी समजत नाही.

(गंमत म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या भाषेत बूट फाइल्स असतात ते 'सिस्टम पार्टिशन' आणि विंडोज असतं ते 'बूट पार्टिशन'. वाचताना उलटसुलट झालं तर दोष तुमचा नाही.)

रिकव्हरी पार्टिशन कापून लहान करणंही महागात पडतं. जानेवारी 2024 चा विंडोज 10 चा एक सुरक्षा अपडेट अनेकांच्या मशीनवर बसेना, कारण या पार्टिशनमध्ये जागाच पुरत नव्हती. ते 250 एमबीने वाढवा, असं मायक्रोसॉफ्टलाच सांगावं लागलं.

आता दुरुस्ती. नशिबाने त्याने सुरुवातीची जागा सी मध्ये मिसळली नव्हती. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, पहिल्याच स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ10 दाबून आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि डिस्कपार्ट हे पार्टिशन हाताळायचं टूल चालवलं. लिस्ट डिस्क, मग सिलेक्ट डिस्क. इथे घाई करू नका, यादीत तुमचा पेनड्राइव्हही असतो, आकार बघूनच डिस्क निवडा. मग 100 एमबीचं ईएफआय पार्टिशन तयार करायचं, एफएटी32 मध्ये फॉरमॅट करायचं, त्याला एस हे अक्षर द्यायचं आणि बाहेर येऊन बीसीडीबूट या बूट फाइल्स बनवणाऱ्या टूलला विंडोजचं फोल्डर आणि एस ड्राइव्ह दाखवायचा. बूट फाइल्स तो स्वतः लिहितो. डिस्कपार्टमधली 'क्लीन' ही आज्ञा मात्र चुकूनही टाइप करू नका. निवडलेल्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं ती उडवते आणि 'नक्की का?' असंही विचारत नाही.

बीसीडीबूटपाशीच बरेच जण अडकतात, कारण सी म्हणजे सी असं ते धरून चालतात. ड्राइव्ह लेटर डिस्कवर कोरलेलं नसतं, ते त्या त्या विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीत असतं. पेनड्राइव्हवरचं विंडोज आपली अक्षरं नव्याने वाटतं, त्यामुळे तुमचा सी तिथे डी किंवा ई झालेला असू शकतो. लिस्ट व्हॉल्यूम करून आकार जुळवा, विंडोजचं फोल्डर डोळ्यांनी बघा, मगच एंटर मारा.

दुसरी नेहमीची केस वाशी-नेरूळकडच्या डेस्कटॉपवाल्यांची. नवी एसएसडी लावली, विंडोज टाकलं, सगळं झकास. महिन्याभराने जुनी हार्ड डिस्क काढली आणि मशीन मुकं. कारण इन्स्टॉल करताना दोन्ही डिस्क जोडलेल्या होत्या आणि सेटअपने जुन्या डिस्कवरचंच ईएफआय पार्टिशन वापरलं. विंडोज एसएसडीवर, दाराची किल्ली जुन्या डिस्कवर. इन्स्टॉलच्या वेळी एकच डिस्क जोडलेली ठेवा. क्लोन करतानाही, म्हणजे एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसरीवर उतरवताना, फक्त सी घेऊ नका, पूर्ण डिस्क घ्या.

लिनक्सची किंवा मॅकची डिस्क विंडोजला लावली की 'फॉरमॅट करायचं का?' असा प्रश्न येतो. डिस्क खराब नसते, विंडोजला ती लिपी वाचता येत नाही इतकंच. कॅन्सल. मॅकवर असाच 'इनिशियलाइझ' येतो, तिथेही 'इग्नोर'.

ड्युअल बूटमधून (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) लिनक्स काढणाऱ्यांनी ईएफआय पार्टिशनला हात लावू नये, त्यात दोघांचीही फोल्डर्स शेजारीशेजारी असतात. लिनक्स उडवल्यावर ग्रबची (लिनक्सच्या लोडरची) काळी स्क्रीन आली तर बायोसमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन, बूटच्या यादीत विंडोज बूट मॅनेजर वर आणा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

यातलं काहीही करण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, चालू आहे का ते बघा. बूट फाइल्समध्ये फेरफार झाला की तो 48 आकडी रिकव्हरी की मागू शकतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. की सहसा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये मिळते, ती आधी कागदावर उतरवा. ती नसेल तर मीही काही करू शकत नाही.

ऐरोलीच्या त्या मुलाला 700 एमबी हवे होते. लॅपटॉपची रॅम 16 जीबी होती आणि विंडोज 10 ची हायबरनेशन फाइल (मशीन बंद करताना चालू काम डिस्कवर जपून ठेवणारी) साधारण रॅमच्या 40 टक्के जागा धरून बसते. पॉवरसीएफजी या विंडोजच्या टूलच्या एका आज्ञेने हायबरनेशन बंद केलं, मशीन झटपट सुरू करणारं फास्ट स्टार्टअपही त्याबरोबर गेलं, आणि सी ड्राइव्हवर 6 जीबीच्या वर जागा झाली.