मुंबई बघायला निघालात? या चुका टाळा

परळला उमेदीची वर्षं घालवून मी आता कुडाळजवळ गावी राहतो. त्यामुळे वाडीतलं कोणीही मुंबई फिरायला निघालं की आधी माझ्या पडवीत येऊन टेकतं. चहा घेतं, सगळं ऐकून घेतं आणि घरी जाऊन ‘एका दिवसात अख्खी मुंबई’ असला काहीतरी व्हिडिओ बघून नेमकं उलटं करतं. परत आल्यावर रडगाणं मात्र मलाच ऐकवतात. म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकू.

वार न बघता निघणं

घारापुरीची लेणी सोमवारी बंद. बोरिवलीचं नॅशनल पार्क आणि त्यातली कान्हेरी सोमवारी बंद. वरळीचं नेहरू तारांगण सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद. आणि आमची मंडळी निघतात कधी? तर रविवारची गर्दी नको म्हणून रविवारी रात्रीच्या कोकणकन्येत बसतात आणि सोमवारी पहाटे सीएसएमटीला उतरतात!

माझा पुतण्या वाडीतली माणसं घेऊन असाच गेला. सकाळी गेटवेवरून फोन. “काका, हय घारापुरीचा तिकीट कोण देना नाय.”

“आज वार खयचो?”

पलीकडे शांतता. मी म्हटलं, तिथून चालत वस्तुसंग्रहालयात जा. तोवर गळ्यात फोटोंची माळ अडकवलेला एक इसम त्यांना भेटला होता. लेणी बंद असली म्हणून काय झालं, बोटीतून दाखवतो म्हणाला. घारापुरी गेटवेपासून तासाभराच्या अंतरावर, ती बोटीतून काय दिसणार? पण घाईला डोळे नसतात. बोट थोडीशी आत गेली, ताज हॉटेल एकदा या कुशीवरून, एकदा त्या कुशीवरून दाखवलं आणि माणसं परत धक्क्यावर. कहर म्हणजे त्या बोटीत निवतीचे दोन रापणकार मच्छीमार होते. जन्म पाण्यात गेलेल्या माणसांनी रोख पैसे मोजून समुद्र बघितला. त्यातला एक अजून सांगतो, “लेणी रवली, पण बोटीचा इंजान बरा होता.”

माझी पद्धत साधी. कागदावर आधी वार लिहायचा, मग त्याच्यापुढे ठिकाण. सोमवार वाट्याला आला तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ते सोमवारी उघडं असतं. १९२२ साली लोकांसाठी खुली झालेली ही इमारत आणि १९२४ साली पुरा झालेला गेटवे, दोन्ही जॉर्ज विटेट या एकाच वास्तुविशारदाचे. पायी दहा मिनिटांचं अंतर. एक बघितलं की दुसरं आपोआप होतं.

घारापुरीला जायचंच तर सकाळी नऊच्या सुमाराची पहिली लाँच पकडा. तिकीट जाऊन-येऊन असतं, उरलेला तुकडा जपा. वर जायला सुमारे १२० पायऱ्या आहेत. आजीचे गुडघे बोलत असतील तर खालीच डोलीवाल्याला विचारा. हातात कणीस घेऊन चढू नका, माकडं ते तुमच्या आधी खातात. आणि लेण्यात शिरल्या शिरल्या मोबाइल काढू नका हो! दोन मिनिटं नुसते उभे राहा, डोळे अंधाराला सरावू देत, मग जवळजवळ २० फुटांची ती महेशमूर्ती हळूहळू पुढ्यात येते. आमचे लोक सेल्फी काढून पाठ फिरवतात आणि विचारतात, ‘एलिफंटा म्हणतत, मग हत्ती खय?’ हत्ती भायखळ्याला. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला नाव दिलं, तो आता राणीच्या बागेशेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. तसं बघितलं तर घारापुरी उरण तालुक्यात, रायगड जिल्ह्यात. म्हणजे मुंबई बघायला गेलेला माणूस परत कोकणातच उतरतो.

मुक्काम विरारला, फिरणं कुलाब्याला

‘भाऊस विरारला असतो, हॉटेलचे पैसे कशाला?’ बरोबर आहे. पण विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर, फास्ट लोकलला दीड तासाच्या आसपास. सकाळी आठला पोरंबाळं, डबे आणि वहिनींनी आग्रहाने दिलेली पाण्याची बाटली घेऊन त्या गाडीत चढणं म्हणजे काय, ते रोज चढणाऱ्याला विचारा. तो तुम्हाला शिव्या देतो त्यात त्याचं चुकत नाही. नातेवाइकांकडे राहायचं तर सकाळी अकरानंतर निघा आणि परतताना संध्याकाळची गर्दी ओसरू द्या.

त्याहून महत्त्वाचं, एका दिवशी एकच पट्टा. फोर्टचा दिवस म्हणजे सीएसएमटी, काळा घोडा, वस्तुसंग्रहालय, गेटवे, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. सीएसएमटीत उतरून लोक सरळ टॅक्सी शोधायला लागतात. १८८८ साली पुरी झालेली, २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेली ती वास्तू रस्त्याच्या पलीकडे जाऊन एकदा मान वर करून बघा, तिला तिकीट नाही. भायखळ्याचा दिवस वेगळा, दादर-वरळीचा वेगळा. पण नाही! आमच्या लोकांना सकाळी सिद्धिविनायक, दुपारी राणीची बाग, मध्ये हँगिंग गार्डन, वाटेत कुणाचं तरी घर बाहेरून बघायचं आणि रात्री जुहू चौपाटी. मग सांगतात, मुंबईत ट्रॅफिकशिवाय काही बघण्यासारखं नाही. तुम्ही ट्रॅफिकच बघितलात.

किरकोळ, पण नेहमीच्या

रविवारी लोकलने निघण्याआधी रुळांच्या दुरुस्तीचा मेगाब्लॉक कुठे आहे ते बघा.

हाजीअलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते. तिथीवरून भरती सांगणाऱ्या माणसांनी तिथे जाऊन खोळंबावं याचं मला नवल वाटतं.

सिद्धिविनायकाला मंगळवारी गेलात तर त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

सेकंडच्या तिकिटावर फर्स्टच्या डब्यात ‘चुकून’ चढू नका. टीसीने ते चुकून फार वेळा ऐकलेलं असतं.

उघड्या टपाची डबलडेकर शोधत गेटवेवर ताटकळू नका, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. तुमचा व्हिडिओ जुना आहे.

नाटक ‘वेळ उरला तर’

रात्रभर दशावतार बघणारी आपली माणसं मुंबईत जाऊन मॉल बघतात आणि दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहावरून तशीच पुढे जातात, हे मला पटत नाही. मी नाटक आधी ठरवतो, बाकी दिवस त्याच्याभोवती. पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती बघायच्या, रविवारचा दुपारचा प्रयोग धरायचा, आणि परतीला दादरहूनच सुटणारी तुतारी एक्सप्रेस. नाटक, जेवण, गाडी सगळं दादरात, धावपळ नाही.

मात्र तुतारीची एक गोम आहे, आणि तिच्यात दरवर्षी कोणीतरी सापडतंच. गाडी सुटते रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी. म्हणजे रविवारी नाटक बघून रात्री निघायचं असेल तर तिकिटावर सोमवारची तारीख हवी. आमच्या शेजारचं कुटुंब रविवारचं तिकीट घेऊन, सामान मांडून, आपल्याच बर्थवर बसलेल्या माणसांशी हुज्जत घालत होतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा काढताना तारीख दोनदा वाचा. चुकलंच तर टीसीशी भांडू नका. तुमची गाडी चोवीस तासांपूर्वीच गेलेली असते.