ब्रायरऐवजी दुसऱ्या कठीण लाकडाचा पाइप घडवताना

तंबाखूच्या पाइपसाठी ब्रायर हेच लाकूड प्रमाण मानले जाते, आणि त्यामागे नुसती परंपरा नाही. भूमध्य समुद्राच्या परिसरात वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुंध्यापाशी जमिनीखाली एक गाठ तयार होते, तिचेच लाकूड म्हणजे ब्रायर. तिच्यातील तंतू एकाच दिशेने न जाता एकमेकांत गुंतलेले असतात. ही गाठ कापून तासन्‌तास पाण्यात उकळतात, मग कित्येक महिने वाळवतात, आणि रस व टॅनिन निघून गेल्यावर उरणारे लाकूड हलके असूनही उष्णता चांगली सोसते. फ्रान्समधील जुरा डोंगराच्या कुशीत असलेल्या सेंट-क्लोद या गावात 1850 च्या दशकात याच गाठीवर पाइपचा मोठा धंदा उभा राहिला.

दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्राकडून येणारा ब्रायर अमेरिकेत मिळेनासा झाला, तेव्हा तिथल्या कारखानदारांनी देशातीलच माउंटन लॉरेल आणि कॅलिफोर्नियातील मॅन्झानिटा या झुडपांच्या गाठी वापरल्या. मॅन्झानिटाचे पाइप ‘मिशन ब्रायर’ या नावाने विकले गेले. ही दोन्ही झुडपे ब्रायरच्याच वनस्पतिकुळातील आहेत, आणि त्यांचीही गाठच वापरली गेली. पर्याय शोधणाऱ्या प्रत्येकाने ही बाब ध्यानात घ्यावी, कारण आपल्या हाती सहसा गाठ नसते, तर सरळ रेषांचा, एका दिशेला सहज चिरणारा ठोकळा असतो. म्हणून लाकूड बदलले की मापे, भोकांची दिशा आणि पहिल्या वापराची पद्धत, सगळेच बदलावे लागते. ब्रायरच्या पाइपची मापे जशीच्या तशी घेऊन दुसऱ्या लाकडावर उतरवणे ही नवशिक्यांची सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

लाकूड निवडताना ते वजनदार, बारीक छिद्रांचे आणि राळ नसलेले असावे. युरोपात ऑलिव्ह, पेअर आणि चेरी यांचे पाइप पूर्वीपासून बनतात; फ्रान्समधील रोप या कंपनीच्या चेरीच्या पाइपांवर तर झाडाची सालही तशीच ठेवलेली असे. फळझाडांची ही परंपरा मला विश्वासार्ह वाटते, आणि आपल्याकडे प्रयोग करायचा झाल्यास मी त्याच तर्काने पेरू किंवा बोरीच्या जुन्या, घट्ट खोडापासून सुरुवात करीन. देवदार आणि चीड ही राळेची लाकडे या कामाची नाहीत. सागात तेल असते, म्हणून तोही टाळावा. शिसव दिसायला देखणे असले, तरी त्याच्या भुशाने अनेकांना त्वचेचा व श्वासाचा त्रास होतो. शिवाय शिसवाच्या संपूर्ण प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2017 पासून परवान्याखाली आला आहे. कण्हेर मात्र हातातही घेऊ नये, कारण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. बिब्ब्याच्या झाडाचे लाकूडही टाळावे, त्याच्या रसाने अंगावर फोड येतात. ज्या ठोकळ्याची ओळख पटत नाही किंवा ज्यावर पूर्वी रंग, वाळवीचे औषध अथवा व्हार्निश लागले असण्याची शंका आहे, तो कितीही सुंदर असला तरी पाइपसाठी वापरू नये.

ओल्या लाकडाचा पाइप पहिल्या दोन-चार वेळांतच तडकतो. ठोकळ्याची दोन्ही टोके वितळलेल्या मेणात बुडवून तो हवेशीर सावलीत ठेवावा. सर्वसाधारण हिशेब असा की जाडीच्या दर 25 मिलिमीटरला एक वर्ष लागते. वर्षांपेक्षा तराजू अधिक खरे सांगतो: ठोकळ्यावर तारीख व वजन लिहून ठेवावे, दर पंधरवड्याला पुन्हा तोलावे, आणि सलग दोन-तीन वेळा वजन घटले नाही तरच काम सुरू करावे. कोकणातल्या पावसाळ्यात हे वजन उलट वाढतही जाते, त्यामुळे तिथे शेवटची मोजणी उन्हाळ्यात करणे बरे.

खरे कौशल्य भोके पाडण्यात आहे. लाकडाच्या रेषा दांडीच्या लांबीला समांतर राहतील असाच ठोकळा मांडावा. रेषा आडव्या गेल्या, तर मुखनळी बसवताना किंवा काढताना दांडी मुळाशी मोडते. ठोकळा चौकोनी आणि त्याच्या बाजू काटकोनात असतानाच सर्व भोके पाडून घ्यावीत, आकार नंतर द्यावा. ठोकळ्याच्या बाजूवर पेन्सिलीने वाटी व धुराचा मार्ग यांचा उभा छेद काढावा, म्हणजे चूक भोक पाडण्याआधीच कळते. आधी मुखनळीच्या कुसवासाठी, म्हणजे दांडीत शिरणाऱ्या टोकासाठी, 8 मिलिमीटर व्यासाचे, 18 ते 20 मिलिमीटर खोल भोक पाडावे. ठोकळा शिकंजातून न हलवता त्याच अक्षावर 4 मिलिमीटरचा धुराचा मार्ग पुढे न्यावा, आणि तो वाटीच्या नेमक्या तळाशी उघडला पाहिजे. वर उघडला तर तळाशी ओली राख साचते. वाटीचा आतला व्यास 19 मिलिमीटर व खोली 35 मिलिमीटर पुरेशी आहे. ब्रायरमध्ये 6 मिलिमीटरची भिंत चालते, पण इथे 9 ते 10 मिलिमीटर ठेवावी आणि तळ 12 मिलिमीटरपेक्षा पातळ होऊ देऊ नये. वाटी मग 40 मिलिमीटरच्या आसपास रुंद दिसते. ती जरा बोजड वाटेल, पण कानस हाती आल्यावर ती बारीक करण्याचा मोह आवरावा.

कानस व पॉलिश पेपर चालवताना चांगला मास्क हवा, कारण लाकडाचा भुसा कर्करोगकारक ठरलेला आहे आणि कठीण लाकडाच्या भुशाचा नाकाच्या कर्करोगाशी असलेला संबंध सिद्ध झालेला आहे. मुखनळी इबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची, घ्यावी, कुसू फिरवत बसवताना किंचित घट्ट लागावा. बाहेरून कार्नोबा या कठीण वनस्पतिज मेणाची झिलई पुरते. वाटीच्या आत रंग, तेल किंवा व्हार्निश यांचा थेंबही जाऊ नये. त्याऐवजी औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या सक्रिय कोळशाची भुकटी दाट ताकात कालवून आतून पातळ लेप द्यावा, धुराचे भोक पाइप साफ करण्याच्या तारेने मोकळे ठेवावे, आणि लेप आठवडाभर वाळू द्यावा. पर्यायी लाकडात हा लेप ऐच्छिक नाही, कारण कोळशाचा थर जमेपर्यंत उघड्या भिंतीला आगीपासून वाचवणारे दुसरे काहीच नसते.

तंबाखूच्या धुराने तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका येतो आणि लाकूड बदलल्याने तो कमी होत नाही, हे वापरणाऱ्याला स्पष्ट सांगून मगच पाइप हाती द्यावा. पहिल्या आठ-दहा वेळी वाटी एकतृतीयांशच भरावी, झुरके सावकाश घ्यावेत, आणि बाहेरची भिंत बोट ठेवणे अवघड व्हावे इतकी तापली तर पाइप खाली ठेवून थंड होऊ द्यावा. दोन वापरांमध्ये किमान दोन दिवसांची विश्रांती द्यावी. आत सुमारे एक मिलिमीटरचा कोळशाचा थर जमला की तो तेवढाच राखावा. फार जाड झाला तर तो लाकडापेक्षा अधिक फुगून वाटीलाच तडा देतो. भिंतीच्या एकाच जागी बाहेरून काळसर डाग उमटू लागला, तर तिथे लाकूड आतून जळत आहे असे समजावे. राख काढून ती जागा टोकदार सळईने चाचपावी, आणि लाकूड भुसभुशीत लागले तर तो पाइप पुन्हा पेटवू नये.