ईसीजीचा ॲक्सिस: अंगठे दाखवून भागत नाही

ॲक्सिस म्हणजे हृदयातल्या विजेची सरासरी दिशा, अंशांत मोजलेली. लीड म्हणजे एका ठरलेल्या कोनातून हृदयाकडे बघणं; हातापायांच्या वायरींवरून असे सहा लीड मिळतात: वन, टू, थ्री, एव्हीआर, एव्हीएल, एव्हीएफ. लीड वन वर, एव्हीएफ वर, की ॲक्सिस नॉर्मल. हे अंगठ्यांचं गणित प्रत्येक इंटर्नला पाठ असतं, आणि दोन्ही वर असतील तोवर ते चालतंही. वन वर आणि एव्हीएफ खाली दिसलं की मात्र लोक लगेच ‘लेफ्ट ॲक्सिस’, म्हणजे नॉर्मलपेक्षा डावीकडे झुकलेला, असं लिहून मोकळे होतात. अहो, नॉर्मलची हद्द उणे ३० ते अधिक ९० अंश आहे. शून्य ते उणे ३० मधल्या माणसाला उगाच आजारी कशाला ठरवायचं? अशा वेळी लीड टू बघा. तो वर असेल तर नॉर्मल, खाली असेल तर लेफ्ट.

वन खाली आणि एव्हीएफ वर असेल तर राइट. पण लीड वनमधली पी लाटसुद्धा (ठोक्याची पहिली छोटी लाट) उलटी आणि एव्हीआर सरळ दिसत असेल, तर आधी दोन्ही हातांच्या वायरी तपासा. बहुतेक वेळा त्या अदलाबदल झालेल्या असतात.

आता ‘वर’ म्हणजे काय? माझी दांडी इथेच उडाली होती. रात्रपाळीत एका आजोबांच्या लीड टूमध्ये चार मिलिमीटरचा छान टोकदार आर (ठोक्याचं वर जाणारं टोक) दिसला आणि मी नॉर्मल लिहिलं. सकाळी सरांनी काही न बोलता पेनचं टोक आरनंतर खाली जाणाऱ्या एस लाटेवर ठेवलं. ती नऊ मिलिमीटर खोल होती. चार वजा नऊ, उणे पाच. म्हणजे लीड टू ‘खाली’, ॲक्सिस लेफ्ट. आर किती उंच हे विचारायचंच नाही. बेसलाइनच्या वरचे बारीक, मिलिमीटरचे चौकोन मोजा, त्यातून खालचे, म्हणजे आरच्या आधीचा क्यू आणि नंतरचा एस, वजा करा. नजरेवर विसंबू नका. टोकदार आर नजरेला फसवतो.

नेमके अंश हवे असतील तर ही वर-खालची बेरीज शून्याच्या जवळ येणारा लीड शोधा. ॲक्सिस त्याच्याशी काटकोनात असतो. जोड्या तीनच: वन–एव्हीएफ, टू–एव्हीएल, थ्री–एव्हीआर. आजोबांच्या एव्हीआरमध्ये तीन वर, तीन खाली, म्हणजे शून्य. जोडीदार लीड थ्री, तो अधिक १२० अंशांवर. पण काटकोनाच्या रेषेला टोकं दोन, आणि घाईत हमखास चुकीचं धरलं जातं. थ्रीची बेरीज एक वजा अकरा, उणे दहा. म्हणून ॲक्सिस १२० च्या बरोबर विरुद्ध, उणे ६० वर. पडताळा सोपा आहे: वन अधिक थ्री म्हणजे टू. वन होता अधिक पाच. पाच वजा दहा, उणे पाच. जुळलं.

मशीनने छापलेला आकडा आधी वाचू नका, मग आपलं मोजणं त्याच्याकडेच झुकतं. आणि सहाही लीडमध्ये वर-खाली सारखंच असेल, तर आकडा ओढूनताणून काढू नका. ‘इनडिटरमिनेट’, म्हणजे ठरवता येत नाही, असं लिहा.