गावाहून पुण्याला पहिल्या नोकरीला निघताना

बॅग भरायच्या आधी ऑफर लेटर काढा आणि त्यात तुम्हाला काय म्हणून घेतलंय तो शब्द शोधा. एम्प्लॉयी की अप्रेंटिस? आपल्याकडची पोरं नुसता आकडा बघतात, 16 हजार, चला, बसले रातराणीत. पण अप्रेंटिस अ‍ॅक्टखाली घेतलं असेल तर तो पगार नाही, स्टायपेंड असतो, त्यावर पीएफ नाही आणि ट्रेनिंग संपल्यावर तुम्हाला ठेवायचंच अशी सक्ती कंपनीवर नसते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पण तसलीच, बारावीला महिना 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000, डिग्रीवाल्याला 10,000, 2024 ला सहा महिन्यांची होती मग अकराची केली. घरी राहून तालुक्याच्या ऑफिसात करणार असाल तर बिनधास्त करा, पण एवढ्यावर चाकणला खोली करून राहायचं म्हणजे नोकरी तुमची आणि खर्च बापाचा.

एम्प्लॉयी म्हणून घेतलं असेल तर सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) सोडा, इन हॅन्ड किती ते विचारा. बेसिकच्या 12 टक्के पीएफ जातो, पगार 21,000 च्या आत असेल तर ईएसआयसीचे (सरकारी आरोग्य विमा) 0.75 टक्के, आणि प्रोफेशनल टॅक्स 200 रुपये, फेब्रुवारीत 300 (मुलींना 25,000 पर्यंत माफ आहे, तरी कापला तर सॅलरी स्लिप घेऊन जा आणि विचारा). ईएसआयसी कापतात म्हणून कुरकुर करू नका, गावाकडे आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांची पण नावं त्यात लागतात.

यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, पहिल्याच महिन्यात मागून घ्या. उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून स्वतःचा काढता पण येतो. कारण पहिल्यांदाच पीएफला लागणाऱ्यांसाठी केंद्राची एक योजना चालू आहे, प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना, 1 ऑगस्ट 2025 ते 31 जुलै 2027 मध्ये जॉइन झालात आणि पगार लाखाच्या आत असेल तर एक महिन्याचा पगार, जास्तीत जास्त 15,000, दोन हप्त्यांत मिळतो. पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी. म्हणजे पाचव्या महिन्यात सुपरवायझरशी भांडून सोडणार असाल तर जरा कॅलेंडर बघून भांडा.

आता खोली. इथं मी स्वतः माती खाल्लीय, तीन जणांत वन आरके घेतला, डिपॉझिट रोख दिलं, कागद एकही नाही, आणि सोडताना मालक म्हणाला रंगकामात गेले पैसे. तेव्हा माहिती नव्हतं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, आणि तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरतात, मालकाला ते खोटं पाडावं लागतं. त्यामुळे डिपॉझिट रोख देऊच नका, यूपीआयने द्या आणि मेसेजमध्ये ‘डिपॉझिट’ असं लिहा. रजिस्टर करारात खर्च फार येतो म्हणून घाबरवतात, पण स्टँप ड्युटी 0.25 टक्के आहे, 8,000 भाड्याला 11 महिन्यांचे सव्वादोनशेच्या आसपास, वर शहरात 1,000 नोंदणी फी. बाकीचा बहुतेक आकडा एजंटचा, आणि तो तिघांत वाटा. हाच करार पुढे बँकेत, गॅसला, सगळीकडे लागतो.

मुलींनी सखी निवासची चौकशी करावी, मुख्यतः नोकरी करणाऱ्यांसाठी आहेत ही सरकारी योजनेतली हॉस्टेलं. जागा पटकन मिळत नाही, म्हणून ऑफर आल्या आल्या अर्ज टाका.

आणि घरून निघताना किमान दोन महिन्यांचं भाडं नि मेसचे पैसे खात्यात असू द्या. महिन्याच्या मधे जॉइन झालात की पहिला पगार कधीकधी पुढच्या महिन्याच्या पगारातच जोडून येतो, आणि मेसवाले काका तोवर थांबत नाहीत.